कळलावी, बॅच सतरा

पणजोबा आगरात मीठ पिकवायचे.
मी बाटलीत अगर ओतते, लिटरला आठ ग्रॅम.
एका कान्याचा फरक,
आणि मध्ये रबाळे एमआयडीसी.

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, रंगाच्या कारखान्यामागे.
चपला बाहेर, केस टोपीत, बांगड्या डब्यात.
कंद आणून दिला नथू भोईरने,
पारसिकच्या उतारावरून, खाण जिथे दमून थांबली तिथून,
वर्तमानपत्रात गुंडाळून, स्कूटरच्या डिकीत.
स्वतःच्या घरात नेला नाही. म्हणाला, भांडणं लागतात.
मी हसले.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड वाटला गेला तेव्हापासून
आमचे दोन्ही काका एका हळदीला येत नाहीत;
त्यासाठी फूल कुठे लागलं होतं?

नळाखाली अर्धा तास, मग साबण, मग पाऱ्याचं विखारी पाणी,
मग उकळून निवलेल्या पाण्याच्या चार आंघोळी.
इतकं तर माझ्या लेकालाही कुणी न्हाऊ घातलं नव्हतं.
साठ डोळे कापून लावले.
काळी बुरशी, पांढरी बुरशी, एक तर चक्क अबोली रंगाची.
उरले पाच.
पाचांचे पंचवीस होईतो एक अख्खा पावसाळा गेला,
खोलीला खिडकी नाही म्हणून आम्हाला न दिसता.

अडलेल्या बाईच्या पोटावर
हिचीच मुळी वाटून लावत म्हणे, कळा याव्यात म्हणून.
इथे कळ भिंतीवर आहे.
दाबली की सोळा तासांचा दिवस,
सोडली की आठ तासांची रात्र,
आणि फडताळावर, एकदाही न कण्हता,
बाटलीबाटलीत हिरवे कोंब.

बाहेर काढताना मुळांवरचा अगर कोमट पाण्यात सोडवला,
वर पिशवी घातली, पिशवीला रोज एक भोक पाडलं,
सासरी जाणाऱ्या मुलीला सांगावी तशी
थोडी थोडी हवा सांगितली.

सहाशे चाळीस रोपं. ठाणे-बेलापूर रस्त्याचा दुभाजक.
पहिल्या वर्षी नुसती पानं,
पानाच्या टोकाची तार लोखंडी कठडा चाचपत.
दुसऱ्या भादव्यात पेटली.
हिरवी, मग पिवळी, मग लाल, पाकळ्या उलट्या वळून,
कंटेनरच्या वाऱ्यातही विझेनात.
गौरी आणायच्या पहाटे चाळीस वेलांची फुलं गेली.
सुपरवायझरने वहीत चोरी लिहिली.
मी गावठाणात घरोघर हळदीकुंकवाला जाऊन मुकाट पाहून आले:
गौरींना हात होते.

कार्तिकात सगळं वाळलं.
उद्यान विभागाचे केणी साहेब आले, चष्मा पुसला,
शेरा मारला: मृत. बिल थांबवा. पिटुनिया मागवा.
मी सुप्तावस्था म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं.
मालनबाई, कंत्राटावरची, परतूरकडची,
खाली बसली, खुरपं बाजूला ठेवलं, बोटांनीच माती उकरली.
ओंजळीत आला तो कंद:
दोन फाटे, मध्ये वाक, टोकाला फाळासारखा डोळा.
"ह्यो तर नांगर की, बाई."

नांगर.
आमच्या खाजणात भात व्हायचं त्या जागी, वीतभर खाली,
डांबराच्या दोन पट्ट्यांमध्ये
सहाशे चाळीस नांगर निजलेत,
सगळे एकाच कंदाचे, एकाच वळणाचे,
बैल नाही, जू नाही.

साहेबांनी हात पुढे केला. म्हटलं, खिशात नको, विषारी आहे.
ते बराच वेळ तसेच धरून उभे राहिले.
मग शेऱ्यातला एक शब्द खोडला.
दुसरा लिहिला नाही.

बिल अजून आलेलं नाही.
बॅच अठरात, एका बाटलीच्या तळाशी,
कालपासून थोडा अबोली रंग दिसतोय.
मी कळ दाबते. सकाळ होते.